रुकय्याखालांचा माळा

रुकय्याखाला माळ्यावर कुणालाही वस्तू नुसती बघू देत नसत. पाहुणा हात पाठीमागे बांधून शेल्फासमोर उभा राहिला की त्या मागून येत, समोरची विळी नाहीतर रोवळी उचलत आणि त्याच्या हातात ठेवत. "घे. चावत नाय." पुढचा प्रश्न ठरलेला असे: तुमच्याकडे याला काय म्हणतात? पाहुणा पेशावरचा ट्रक ड्रायव्हर असो, कोचीचा अकाउंटंट असो की मीटर तपासायला आलेला फिलिपिनो, त्या प्रश्नातून सुटका नव्हती. उत्तर मिळालं की तो शब्द त्या दोन-तीनदा स्वतःशी म्हणून बघत आणि माणूस जिना उतरून गेल्यावर मला सांगत, "बघ गो, त्यांच्यात पण तांदूळ धुवायची वेगळी टोपली हाय. मना वाटलेलं आमीच एकटे."

माळा म्हणजे दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका कार्गो गोदामाचा पोटमाळा. गोदाम मुश्ताकभाईंचं. ते मूळचे श्रीवर्धनकडचे, आणि त्यांचा माल जातो तोही बहुतेक तिकडेच, रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्त्यांत. ब्लँकेटं, टँग, फ्रिज, खजूर. गावाकडे जुनी घरं पाडून स्लॅबची बांधायला लागले तेव्हा लोकांना घरातल्या वस्तू टाकवेनात आणि ठेवायला जागाही नव्हती. रुकय्याखालांनी मुश्ताकभाईंकडून वर्षभराच्या बोलीवर पोटमाळा मागून घेतला आणि दुबई-शारजातल्या आपल्या लोकांना सांगितलं की गावाहून येताना बॅगेत अर्धा किलो जागा ठेवा. मोठ्या वस्तू मुश्ताकभाई आणवून देत. कोकणात घरात नको असलेलं सगळं माळ्यावर टाकतात, म्हणून याही जागेला सगळे माळाच म्हणू लागले. कुणी म्युझियम म्हटलं तर खाला म्हणत, म्युझियमला तिकीट असतं.

मी खाली ऑफिसात कस्टम्सचे कागद तयार करायचे. वर जायचं मला काही कारण नव्हतं, आणि कारण नसताना कुठे जायचा माझा स्वभाव नाही. पण एकदा एका पार्सलवरचा मराठी पत्ता मी वाचून दाखवला आणि मुश्ताकभाईंना माझा शोध लागला. त्यांची मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, खाला उर्दू शाळेत शिकलेल्या. मीही इंग्रजी शाळेतलीच, पण अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये आईने दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर मला मराठी गिरवायला लावलं होतं. ते असं कुणाच्या उपयोगी पडेल असं तिलाही वाटलं नसणार. रविवारी दुपारी वर ये, खालांना चिठ्ठ्या लिहून हव्यात, असं मुश्ताकभाईंनी सांगितलं.

पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा खाला जमिनीवर फतकल मारून लसूण सोलत होत्या. साधारण पासष्टीच्या, ठेंगण्या, डोक्यावर घट्ट बांधलेला सुती दुपट्टा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मी कमी बोलते हे पाच मिनिटांत ओळखून पुन्हा कधी त्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त लसणाची अर्धी रास माझ्याकडे सरकवली.

तो लसूण कशासाठी होता ते दुसऱ्या रविवारी कळलं. माळ्याचा एक नियम होता. वस्तू शेल्फावर चढायची ती आपलं नाव आणि काम घेऊनच. ती वापरलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, कोकणीत, ती काय आहे ते सांगायचं. खाला ते छोट्या रेकॉर्डरवर घेणार, मी देवनागरीत उतरवणार, खालांची भाची अलिना इंग्रजीत करणार. पण अडचण अशी की रेकॉर्डर दिसला की यांची माणसं उर्दू बोलू लागत. जन्मभर गावातल्या बोलीत भांडलेली माणसं. लाल दिवा लागला की मान ताठ करून 'जनाब' आणि 'दरअसल' सुरू. बाहेरच्या माणसासमोर कोकणी बोलणं म्हणजे पाहुण्यासमोर बनियनवर येणं, असं त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं. सगळ्यात वाईट हाल खालांच्या घरच्याच माणसाने केले. त्यांचे यजमान हसनखालू जहाजदुरुस्तीच्या यार्डात चाळीसेक वर्षं काढलेले, तोंडाने तिखट. त्यांनी होडीच्या दोराबद्दल सांगायला सुरुवात केली ती अशी, की खालांनी रेकॉर्डर बंद केला आणि विचारलं, हा कोन बोलतोय, याच्याशी माझा निका झालेला नाय.

मग त्यांनी लसणाची युक्ती काढली. हात कामाला लावायचे. म्हाताऱ्या बायकांपुढे लसूण, नाहीतर कोलंबी. पुरुषांच्या हातात दोर किंवा फाटलं जाळं. रेकॉर्डर रोवळीखाली. लपवलेला नसे, तो तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असे, पण दिसत नसे. दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. मग खाला मुद्दाम चुकीचं काहीतरी करत, गाठ उलटी मारत किंवा कोलंबीचं डोकं नको तिथून तोडत. समोरचा माणूस वैतागून बोलू लागे, आणि वैताग कधी उर्दूत येत नसे. हसनखालूंची गाठीवरची पूर्ण वीस मिनिटं अशीच मिळाली. त्यातलं निम्मं बायकोला दिलेलं बोलणंच आहे. ते काढून टाकू का असं मी विचारलं तेव्हा खाला म्हणाल्या, राहू दे, गाठ अशीच शिकवतात.

ज्यांचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं त्या वस्तू एका कोपऱ्यात जमिनीवर असत. तिथे एक वीतभर लाकडी पट्टी होती, एका बाजूने खाचा पाडलेली, हातात धरून गुळगुळीत झालेली. ती आली कुठल्या घरातून ते माहीत होतं, पण काय कामाची ते नाही. खालांना शेल्फावरच्या वस्तूंपेक्षा हा कोपरा जास्त आवडे. पाहुणा आला की त्या ती पट्टी त्याच्या हातात देऊन त्याच्या बोटांकडे बघत बसत. तोंडाला आठवत नसलं तरी बोटं कुठे जातात ते बघावं, असं त्यांचं म्हणणं. ती पट्टी अजून तिथेच आहे.

दुसऱ्या वर्षी मुश्ताकभाईंनी डिसेंबरात मोठा दिवस ठरवला. शारजाहून, अजमानहून कुटुंबं येणार होती. आदल्या दिवशी चार बायका मदतीला आल्या. खाला मटणाची ऑर्डर द्यायला बाहेर गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा बायकांनी चुलीवरची तीन भांडी घासून चकचकीत करून उन्हात मांडली होती. पाहुणे येणार आणि घरात काळी भांडी, हे त्यांना बघवलं नव्हतं. चिंच, राख मिळेना म्हणून बेकिंग पावडर, असं करून तासभर घासलं होतं. त्यातलं एक भांडं खालांच्या आजीचं होतं, आणि त्याच्या बुडाला तीन पिढ्यांची काजळी होती.

खालांनी भांड्यांकडे एकदा पाहिलं. बायकांना चहा दिला, हाताला काय लागलंय का विचारलं. त्यांच्या जागी कुठलीही कोकणी बाई असती तर तिनेही हेच केलं असतं, हे त्यांना माहीत होतं. मी असते तर रडले असते. पुढच्या आठवड्यात त्यांनी हसनखालूंना गाडी काढायला लावली आणि आम्ही सहाजण शारजाच्या बाहेर वाळूत गेलो. चूल मांडली आणि त्या भांड्यात सकाळपासून दुपारपर्यंत तीनदा भात शिजवला. तिसऱ्यांदाचा कुणाला खाववेना. परत आल्यावर खालांनी मला चिठ्ठी सांगितली आणि एकही शब्द बदलायचा नाही असं बजावलं. ती अशी आहे: 'भात शिजवायचं भांडं. जुनी काजळी आमच्याच बायकांनी प्रेमाने घासून टाकली. ही काजळी नवीन आहे, शारजाच्या वाळूतली.' माळ्यावर सगळ्यात जास्त फोटो या चिठ्ठीचे काढले जातात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. हसनखालूंच्या यार्डाने त्यांना निवृत्तीचं पत्र दिलं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि खालांचा व्हिसा त्यांच्याच नावावर होता. मार्चपर्यंत दोघांना गावी परतायचं होतं, ते कायमचंच. मी हे ऐकून चिठ्ठ्या कापत राहिले. खाला मात्र बोटांवर रविवार मोजत होत्या, कारण दुसरी गोष्ट अशी की बुबू येणार होत्या.

बुबू म्हणजे मोठी बहीण. या हसनखालूंच्या सगळ्यात थोरल्या बहीण, ऐंशीच्या पुढच्या, शारजाला मुलाकडे साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर यायच्या होत्या. लग्नात हळद दळताना बायका जी गाणी म्हणत ती आता त्यांच्या पट्ट्यात फक्त बुबूंना पूर्ण येत होती. बाकीच्या जाणत्या एकेक करून गेल्या, आणि गावची लग्नं हॉलमध्ये स्पीकरवर लागू लागली. माळ्यावर जातं होतं, हळदीची परडी होती, पिवळा झालेला दुपट्टा होता. गाणी नव्हती. खाला म्हणायच्या, बाकी सगळं कुनाच्या ना कुनाच्या घरात मिळेल, हे एकीच्या पोटात हाय. आपण जायच्या आत ते बाहेर यायला हवं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

बुबू आल्या. वाकलेल्या, पण नजर अशी की मी पदर नसताना ड्रेस सारखा केला. त्यांनी माळा बघितला, प्रत्येक वस्तूत काहीतरी खोट काढली, आणि खालांनी गाण्यांचा विषय काढल्यावर दोन अटी सांगितल्या. नवरी नसताना हळदीचं गाणं तोंडातून काढायचं नाही, ते त्या घरावर येतं. आणि आपला आवाज मशीनमध्ये जाणार नाही. आज इथल्या बायका ऐकतील, उद्या कोण कुठले बाप्ये ऐकतील. शब्द हवे तर त्या मुलीने कागदावर घ्यावेत. त्या मुलीने म्हणजे मी. खालांनी दोन्ही अटींना मान हलवली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही असं हसनखालूंनी नंतर सांगितलं.

अलिनाला हे असं अडून बसणं पटेना. ती युनिव्हर्सिटीत होती, तिथे मुली गंमत म्हणून खोटी लग्नं लावतात, नवरा-नवरी नटून नाचतात. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी खालांना न सांगता बेत केला. पुढच्या रविवारी बुबू जिना चढून वर आल्या तर माळ्यावर फुलांच्या माळा, आणि मधे पाटावर पिवळा दुपट्टा घेऊन अलिना. बुबूंचा चेहरा उजळला. त्या तिच्याजवळ बसल्या, हनुवटी धरली आणि कुणाशी ठरलं म्हणून विचारलं. अलिना हसून म्हणाली, "नो वन, बुबू. इट्स जस्ट ॲक्टिंग."

बुबू उठल्या. चपला हातात घेऊन, पायात घालायलाही न थांबता, जिना उतरल्या. तीन रविवार त्या आल्या नाहीत. खाला दर वेळी शारजाला जाऊन त्यांच्याशेजारी बसून येत, गाण्यांचं नाव न काढता. साठ दिवसांतले तीस असे गेले. अलिनाला मात्र खाला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तुना नवरी दिसली, बुबूंना घर दिसतं.

सबीहाचं नाव मुश्ताकभाईंच्या बायकोने काढलं. सबीहा त्यांच्याच किनाऱ्याकडची, दुबईतच देअरातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, आठजणींत एक खोली घेऊन राहायची. तिचा निकाह इथेच, कोर्टात व्हायचा होता, कारण वडील आजारी होते आणि आई त्यांना सोडून येऊ शकत नव्हती. हळद वगैरे काही नव्हतंच. खाला मला घेऊन तिच्या दवाखान्यात गेल्या. मला वाटलं होतं त्या गोड बोलून, आईची आठवण काढून विषय आणतील. लोक एकमेकांना असंच पटवतात. रिसेप्शनच्या टेबलावर कोपर टेकून त्यांनी सरळ विचारलं, "मना गाणी पायजेत. तुना हळद पायजे का?"

सबीहाने आधी पेशंटला आत पाठवलं. मग म्हणाली, हवी. आणि मग टिश्यूचा डबा स्वतःकडे ओढला.

बुबूंनी सबीहाला शारजाला बोलावून घेतलं, कोर्टाची तारीख विचारली, नवऱ्याच्या आईशी फोनवर बोलल्या, सगळं खरं आहे याची खात्री केली आणि मगच हो म्हटलं. आता काम सुरू झालं. पहिली आज्ञा जात्याची. इतकी वर्षं शोभेला ठेवलेलं जातं, त्याला टाकी लावून, दगड ठोकून खरखरीत केल्याशिवाय दळणार कसं? गावात पाथरवट दारावर येई. अल क्वोजमध्ये जात्याला टाकी कोण लावणार ते कुणालाच माहीत नव्हतं. पण आमच्यामागच्या गल्लीत मार्बल कापायचं वर्कशॉप आहे. मुश्ताकभाईंच्या फोर्कलिफ्टने जातं खाली उतरलं, खाला पुढे आणि फोर्कलिफ्ट मागे अशी ती वरात गल्लीतून निघाली. तिथला एक राजस्थानी कारागीर दगडाजवळ उकिडवा बसला, हात फिरवला आणि छिन्नी मागितली. त्याच्या आईचं असंच होतं म्हणाला. खालांनी अर्थातच त्याला विचारलं की तुमच्याकडे याला काय म्हणतात. दोघं अर्धा तास बोलत होती. फोर्कलिफ्टवाला घड्याळ दाखवत "यल्ला, खाला" करत राहिला.

हळद रविवारी दुपारी. मुश्ताकभाईंनी खालचं ऑफिस बंद ठेवलं, पुरुष सगळे समोरच्या कॅफेटेरियात. बुबूंनी जिन्याच्या वरच्या पायरीशी रोवळी ठेवली आणि प्रत्येकीचा फोन त्यात टाकून घेतला. पहिला टाकला खालांनी रेकॉर्डर. तोच, ज्यात एवढ्या लोकांचे आवाज त्यांनी गोळा केले होते. बुबूंनी तो हातात घेऊन बघितला, पुन्हा ठेवला.

जातं फिरायला लागलं. बुबूंनी खुंटा धरला, समोर मुश्ताकभाईंची बायको, मधे सबीहा पिवळ्या दुपट्ट्यात. आवाज मला वाटला होता तसा म्हातारा नव्हता. तो जात्याच्या घरघरीच्या जरा खालून यायचा, आणि दगड जड झाला की ओळ लांबायची, हलका झाला की आखूड व्हायची. हळद कुठल्या वाडीतली, ती कुणी खणली, नवरीचे भाऊ कोण कोण, कुणाच्या होडीतून मिठाई आली. भावांच्या नावांच्या जागी बुबू सबीहाच्या खऱ्या भावांची नावं घालत होत्या. ती त्यांनी पाठ करून आणली होती. सबीहा मान खाली घालून ऐकत होती. मी लिहीत होते, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात येत होतं की कागदावर फक्त नावं उरतायत.

अलिना खालांच्या शेजारी बसली होती. तिचा फोन रोवळीत होता, पण मनगटावर घड्याळ होतं, आवाज घेणारं. तिने बाही जरा वर सरकवली आणि दुसरा हात घड्याळावर नेला ते मी पाहिलं. मी लिहीत राहिले. खरं सांगायचं तर मला वाटलं की घेऊ दे. कुणाला कळणार नव्हतं, आणि बुबूंचे पंचवीस दिवस उरले होते.

खालांनीही पाहिलं. त्यांनी अलिनाचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं, लाड केल्यासारखं, पट्टा सोडला आणि घड्याळ हळूच मागे सरकवत नेऊन रोवळीत ठेवलं. बुबूंची पाठ होती. खाला पुन्हा जागेवर येऊन बसल्या आणि उरलेला सगळा वेळ त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

नऊ गाणी झाली. सगळ्या गेल्यावर मी कागद खालांना वाचून दाखवले. त्यांनी त्यातलं एक म्हणून बघायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीशी थांबल्या. चाल निसटली होती. एकदा ऐकून कुणाला येणार? त्या तशाच बसून राहिल्या. मी जाते म्हटलं तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शारजाला बुबूंकडे गेल्या आणि हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. विचारलं एवढंच, की बुबू, तुमी कशा शिकलाव? बुबू म्हणाल्या, कशी म्हणजे, दळताना. आईबरोबर दळायला बसत होते. "तवा नवरी होती?" बुबूंनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, शिकायला नवरी लागत नाय. दळण लागतं.

पुढचे तीन आठवडे माळ्यावर तांदळाचं पीठ पडत होतं. नखं रंगवलेल्या मुली ऑफिसं आणि कॉलेजं करून संध्याकाळी यायच्या, खुंटा धरायच्या आणि दहा मिनिटांत हात झटकायच्या. बुबू त्यांच्या हातांकडे बघून म्हणायच्या, हे हात हायत का शेवया? सगळ्यांना सगळी गाणी शिकवायला वेळ नव्हता. खालांनी एकेकीला एकेक वाटून दिलं. अलिनाला सगळ्यात लांबडं. सबीहाने निकाहनंतर येऊन एक घेतलं, आणि शेजारणींची ऐकून ऐकून तिला बाकीचीही निम्मी यायला लागली. नववं गाणं उरलं तेव्हा खालांनी माझ्याकडे पाहिलं. मला आवाज नाही, असं मी म्हटलं. ते खरं नव्हतं. कुणासमोर म्हणायची मला लाज वाटते, एवढंच खरं होतं. खालांनी आग्रह केला नाही. मग तू कागद सांभाळ, म्हणाल्या, आणि ते गाणं मुश्ताकभाईंच्या बायकोला गेलं.

खालांनी स्वतः एकही घेतलं नाही. अलिनाने विचारलं तेव्हा हसल्या. मी चाल्ले, माझ्याबरोबर गावी नेऊन काय करू, तिथून तर आनली.

बुबू गेल्या त्यानंतर शेल्फावर परडीजवळ चिठ्ठी लागली. 'हळदीची गाणी. आवाज इथे ठेवलेला नाही. ऐकायची असतील तर बायकांनी दळायला यावं.' खाली नऊ नावं, माझ्या अक्षरात.

खाला निघाल्या तो रविवारच होता. सामान आधीच कार्गोने गेलेलं, हातात एक बॅग. किल्ल्या द्यायला त्या वर आल्या तेव्हा मुली दळायला बसल्या होत्या. अलिना आपलं गाणं म्हणत होती. खाला दाराशीच उभ्या राहिल्या. दोन कडवी झाली, तिसऱ्याच्या सुरुवातीला अलिना अडकली. जातं फिरत राहिलं, ओळ येईना. तिने खालांकडे पाहिलं.

खालांना ती ओळ येत होती. तीन आठवडे रोज ऐकून त्यांना नऊच्या नऊ आली होती, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी दुपट्ट्याचा पदर ओठांवर दाबला आणि भिंतीकडे बघू लागल्या. जात्याचे पाच फेरे झाले असतील, सहा. मग पलीकडून सबीहाने ओळ उचलली. नीट नाही, जरा वरच्या पट्टीत, पण उचलली. अलिना तिच्या मागे लागली.

खालांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या, माझ्या बोटांवर बोटं मिटवली आणि जिना उतरल्या.

मी खिडकीशी गेले. खाली अंगणात गाडी उभी होती, हसनखालू आत बसून हॉर्नवर हात ठेवून, काच खाली. गाणं त्यांच्याही कानावर जात असणार. खाला त्यांच्या बाजूला गेल्या, काहीतरी बोलल्या, आणि हाताने काच वर घ्यायची खूण केली. काच वर गेली. मागचीही वर करायला लावली. मग त्या बॅग पायाशी ठेवून बाहेरच उन्हात उभ्या राहिल्या, मान जरा वर करून, आमच्या खिडकीकडे नाही, तिच्या खालच्या पत्र्याकडे बघत. वर शेवटचं कडवं झालं, जातं थांबलं. तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि आत बसल्या.